कमी भारमानाचे खेळ

दर रविवारी दुपारी चारला आमचे घरमालक जिन्याच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि नाकातून आवाज काढत पुकारा करायचे, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. आंधळ्या कुत्र्याची गाडी हॉलमध्ये लागलेली आहे. बसणाऱ्यांनी ताबडतोब बसून घ्यावे." वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहणाऱ्या मुली. कुणी कपडे वाळत घालत असायची, कुणी डोक्याला तेल लावत असायची. पुकारा आला की आम्ही एकमेकींकडं बघायचो. खाली जावं की न जावं हा प्रश्नच नसायचा, कारण खाली काकू भजी तळत असायच्या. भजी खाऊन सुटका कशी करून घ्यायची, एवढाच प्रश्न असायचा.

काका आयुष्यभर बसस्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं आणि वेळ झाली की शिट्टी मारून ती सोडायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणूस घरात बसून बायकोचं डोकं खाईल, या काळजीनं पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलानं त्यांना व्हिडिओ गेमचा डबा आणून दिला. टीव्हीला जोडायचा आणि हातातल्या रिमोटानं खेळायचा. मुलाला वाटलं, बाबा क्रिकेट खेळत बसतील. पण काकांनी व्हिडिओ गेमचाही बसस्टँड केला.

मी तिथं राहायला गेले तेव्हा नुकतीच चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागले होते. सिडकोतलं ते घर मला मैत्रिणीनं सांगितलं होतं. काकांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. गाव विचारलं. देवगाव रंगारी म्हटल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले. "दौलताबादवरून जाणारी. सकाळची गाडी बरी, दुपारच्या गाडीला लई गर्दी." एवढ्यावर मला खोली मिळाली आणि त्या दिवसापासून माझं नाव देवगाव झालं. शेजारच्या खोलीत जिंतूर होती, तिच्या पलीकडं सिल्लोड. "ए देवगाव, पाणी आलं, टाकी भरून घ्या. जिंतूरला उठवा." नळाला पाणी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी यायचं, त्याचाही पुकारा असाच व्हायचा. सख्ख्या मुलालासुद्धा ते फोनवर 'पुणे' म्हणायचे. "बोला पुणे, काय हाल?"

मुलानं डब्याबरोबर क्रिकेटचा आणि बंदुकांचा असे दोन गाजलेले गेम दिले होते. काकांनी दोन्ही खेळून बघितले आणि बाजूला ठेवले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "हितं दारात लटकायलेत लोक. आपण चढून काय करायचं?" मग ते गेमच्या दुकानात जाऊन पडद्यावरची यादी खाली खाली सरकवत असे गेम शोधायला लागले ज्यांना कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या खात्यात गाडीत किती माणसं बसतात त्याला भारमान म्हणायचे. तोच शब्द त्यांनी इथं लावला. "हा घ्या. भारमान जवळजवळ शून्य. मंजे बघायलाच पायजे."

टीव्ही सेंटरजवळच्या दुकानातला पोरगा त्यांना एकदा म्हणाला, "काका, हा गेम कुणीच नाय खेळत, फुकट पैसे कशाला घालता?" हा प्रसंग काकांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला की तो माझ्यादेखत घडल्यासारखा वाटतो. काका त्याला म्हणाले, "आमची एक गाडी डोंगराकडच्या एका वस्तीवर जायची. तिच्यात एकच म्हातारी बसायची. तिला दवाखान्यात यायचं असायचं. भारमान नाय म्हून ती फेरी बंद झाली. तू मला सांग, गाडी वाईट होती का? रस्ता वाईट होता का? म्हातारी वाईट होती का?" पोरानं काय उत्तर दिलं ते काका सांगत नसत. बहुतेक त्यानं मुकाट्यानं बिल फाडलं असावं.

आणि खरं सांगायचं तर त्यांची निवड चुकायची नाही. आंधळ्या कुत्र्याचा गेम मी अजून विसरलेले नाही. पडदा सगळा काळा. कुत्र्याला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. पण त्याला येणारे वास रंगांच्या रेघा होऊन अंधारात तरंगत येतात. भाकरीचा वास पिवळा, पावसात भिजलेल्या माणसाचा निळा, आणि त्याच्या मालकाचा असा एक विटकरी रंग, जो कुठंतरी लांब, बारीक, तुटत तुटत दिसतो. त्या रेघेमागं जात घर शोधायचं. सिल्लोड तर पहिल्या दिवशी रडलीच. एवढा सुंदर खेळ कुणीतरी कुठंतरी बसून बनवला आणि तो जगातल्या मूठभर माणसांनी खेळला, याचं मला आजही वाईट वाटतं. ऑफिसात मी कितीतरी जणांना त्याच्याबद्दल सांगितलं. सगळे "हो का?" म्हणतात आणि आपापल्या फोनमध्ये सगळे खेळतात तेच खेळत बसतात.

पण काकांसमोर हे बोलायची सोय नव्हती, कारण खेळाडू पळवून लावण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. या माणसाची एकच इच्छा होती, की या बिचाऱ्या खेळांना चार माणसं मिळावीत. आणि ती चार माणसं समोर येऊन बसली की काका त्यांना असं काही धारेवर धरायचे की ती पुन्हा जिना उतरत नसत. रिमोट हातात देण्याआधी ते गेमची माहिती सांगायचे. मग आपण चुकलो की "थांबा, थांबा" करून रिमोट काढून घ्यायचे. आणि खेळ संपला तरी सुटका नसायची. शेवटी पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं येतात ना, ती पूर्ण वाचायची. मोठ्यानं. परदेशी नावं, जीभ वळायची नाही. जिंतूर एकदा उठायला लागली तर काकांनी दारच अडवलं. "डोंगर फोडून रस्ता करणाऱ्याचं नाव कुठं लिहितेत का? नाय ना? हितं लिहिलंय. मंग वाचा की. बसा." खुलताबादला एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला पंगतीत आंधळा कुत्रा समजावून सांगितला होता. मामा जिलबी न घेता उठले, असं काकू सांगायच्या.

सगळ्यात कडक नियम वेळेचा. चार म्हणजे चार. चारला पुकारा, की लगेच हॉलचं दार आतून बंद. नंतर कितीही वाजवा, आतून एकच आवाज यायचा, "गाडी सुटली." भज्यांचा वास दाराखालून येत असायचा आणि आम्ही बाहेर.

यावर काकूंची एक गोष्ट ठरलेली होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी काकू कडेवर मुलाला घेऊन माहेरी निघाल्या होत्या. गाडीत सामान ठेवलं आणि पोरासाठी केळी घ्यायला खाली उतरल्या. काका कंट्रोलच्या खिडकीत होते. "ह्यांनी मला बघितलं," काकू सांगायच्या आणि इथं त्यांचा झारा हवेत थांबायचा. "मी केळीवाल्याजवळ उभी, लेकरू कडेवर. चांगलं डोळं भरून बघितलं. आन् बघून शिट्टी मारली. माझी ट्रंक गेली माहेरी, मी राहिले हितंच."

"टायम झाला होता," काका म्हणायचे. "गाडीत बसलेल्यांनी काय केलं होतं? एका माणसासाठी सगळ्यांना थांबवायचं?"

"एका म्हातारीसाठी गाडी चालू ठेवायची मंता, आन् बायकोसाठी थांबवायची नाय."

"ते वेगळं, हे वेगळं."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला की पुढं पुढं आम्ही मुलीच त्यांच्या तोंडची वाक्यं आधी म्हणून टाकायचो. काकू हसायच्या. काका हसायचे नाहीत, पण भज्यांची ताटली आमच्याकडं सरकवायचे.

नावेचा गेम आला तो मुलाच्या दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर. हा काकांचा सगळ्यात लाडका. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं एक गाव आहे आणि दोन माणसं नावेतून त्या पाण्यावर आपलं जुनं घर शोधत निघालीत. देवळाचा कळस पाण्यावर दिसतो, चिंचेचा शेंडा दिसतो, त्याच्या खुणेनं जायचं. "हे तर आपलं जायकवाडी," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. हा खेळ एकट्यानं खेळताच येत नाही. दोघांच्या हातात एकेक वल्हं असतं. एकानं जास्त मारलं की नाव गोल फिरते, दोघांनी एका लयीत मारलं तरच सरळ जाते. मुलगा येण्याआधी काकांनी एकट्यानं प्रयत्न करून बघितला होता. एक रिमोट हातात, दुसरा जमिनीवर ठेवून पायाच्या अंगठ्याखाली. नाव चिंचेभोवती गरगरत राहिली आणि काका दिवाणावर बसून घामाघूम. काकू म्हणाल्या, "प्रदक्षिणाच घाला आता."

मुलगा आला आणि त्या घराचं वातावरण बदललं. तो मुलगा तसा मितभाषी. बापाशी त्याचं बोलणं गाड्यांच्या वेळा आणि गॅसची टाकी याच्यापुढं जात नसे. पण नावेत बसले की दोघं बोलायला लागायचे. "मारा... आता थांबा, बाबा... मारा." काका, जे कुणाचं ऐकायचे नाहीत, ते मुलाच्या शब्दावर वल्हं मारायचे आणि थांबायचे. त्यांनी एकदाही त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला नाही. सुट्टी संपेपर्यंत खेळ जवळजवळ संपला होता. काकांच्या हिशेबानं शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता. मुलाला पुण्याला जाणं भाग होतं. जाताना ठरलं, येत्या रविवारी यायचं आणि चारला शेवटचा टप्पा खेळायचा.

त्या रविवारी काकांनी दाढी केली होती. सकाळपासून टीव्ही पुसून ठेवला होता. आम्हाला तिघींना बजावून सांगितलं होतं की आज कुणी चुळबूळ करायची नाही. काकूंनी भज्यांबरोबर शिराही केला. नेहमीच्या आधीच, पावणेचारला, काकांनी जिन्याशी उभं राहून पुकारा केला, "घराकडे जाणारी नाव हॉलमध्ये लागलेली आहे." त्यांचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा चढा होता.

चार वाजले. मुलगा आला नव्हता. काका दाराजवळ उभे. काकूंनी त्याच्यासाठी ठेवलेला चहा खाली उतरवला. काकांनी घड्याळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि दार लावून घेतलं. "काका, थोडं थांबू की," मी म्हणाले. त्यांनी वरची कडीही घातली. काकूंनी चहा पुन्हा गरम केला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा केला. तेवढ्यात दार वाजलं.

"बाबा, मी आलो."

"गाडी सुटली," काका आतून म्हणाले.

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. बाहेर मुलालाही तसंच वाटलं असावं, कारण तो हसला. "अहो, नेवाशाच्या पुढं पंक्चर झाली. तुमचीच लाल गाडी. उघडा."

"मंग आधीची गाडी धरायची."

"बाबा, उघडा ना. भूक लागलीय."

काकू उठल्या. काकांनी त्यांना हातानं थांबवलं. "जेवायला मागच्या दारानं ये. खेळ पुढच्या रविवारी. चारला."

मग मुलाचा आवाज आला, अगदी हळू. "मग राहू द्या तुमची नाव तिथंच." आणि फाटकाचा आवाज आला. काकू मागच्या दारानं धावल्या, तोपर्यंत तो रिक्षात बसला होता. शिरा कुणीच खाल्ला नाही. काका टीव्हीसमोर बसून राहिले. टीव्ही बंदच होता.

तो पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नंतर आला, सणावाराला येत राहिला, आईच्या पाया पडायचा, गॅसची टाकी बदलायचा, पण नावेचं नाव त्यानं काढलं नाही आणि बापानंही काढलं नाही. दोघंही एकाच मातीचे, कोण आधी बोलणार? मग त्याला जर्मनीत नोकरी लागली. काका फोनवर "बोला जर्मनी" म्हणायला लागले. हवा कशी, जेवण कसं, एवढं विचारून फोन काकूंकडं द्यायचे.

मी एकदा धीर करून म्हणाले, "काका, शेवटचा टप्पा मी खेळते ना तुमच्याबरोबर."

"ती सीट रिझर्व हाय," ते म्हणाले.

"मग शेवट यूट्यूबवर तरी बघू. कुणीतरी टाकला असेल."

ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "दुसऱ्याचं जेवण बघून आपलं पोट भरतंय का, देवगाव?"

रविवारचा पुकारा चालू राहिला, पण त्यात पहिल्यासारखा जोर राहिला नाही. काका टीव्हीच्या जवळ जवळ सरकून बसायला लागले. "या टीव्हीच्या कडा काळ्या पडायल्यात," अशी तक्रार करायचे. आम्हाला कडा स्वच्छ दिसायच्या. एकदा तर दारातून येताना ते स्टुलाला असे धडकले की काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांकडं नेलं तेव्हा काचबिंदू निघाला. कडेकडेनं नजर खात खात तो बराच आत आलेला होता. जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कडा टीव्हीच्या काळ्या पडलेल्याच नव्हत्या.

माझं लग्न झालं, मी बीड बायपासकडं राहायला गेले. महिन्या-दोन महिन्यांनी भेटायला जायचे. काका दिवाणावर बसलेले असायचे, चेहरा टीव्हीच्या दिशेला. उरलीसुरली नजरही गेली होती, पावलांवरून ओळखायचे. "देवगाव आली का? बसा." गेमचा डबा टीव्हीखाली तसाच होता. काकूंनी एकदा तो कपाटावर ठेवायचं म्हटलं तर ते म्हणाले, "लागलेली गाडी हलवू नका." काकू त्याच्यावरची धूळ पुसायच्या आणि पुन्हा तिथंच ठेवायच्या.

मागच्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. "रविवारी ये गं. तो आलाय."

मी गेले तेव्हा मुलगा टीव्हीमागं वाकून तारा जोडत होता. केस विरळ झाले होते, चष्मा लागला होता. काका दिवाणावर ताठ बसले होते. दोघांचं काही बोलणं झालं होतं की नाही ते मला माहीत नाही. झालं असेल असं वाटत नाही. मुलानं बापाच्या हातात रिमोट दिला आणि त्यांचा अंगठा बटणावर नेऊन ठेवला. "हे वल्हं. मी सांगतो तेव्हा मारायचं."

"मला म्हाईत हाय," काका म्हणाले.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी भज्यांच्या कढईशेजारी चहाचं आधण ठेवलं.

पडद्यावर तेच पाणी आलं. तोच कळस, तीच चिंच. इतकी वर्षं ती नाव तिथंच उभी होती. "मारा," मुलगा म्हणाला. "मारा... थांबा. मारा." काका कान देऊन वल्ह्याचा पाण्यातला आवाज ऐकत होते. नाव एकदाही गोल फिरली नाही. चिंच मागं गेली. एक वळण आलं. मुलगा थांबला.

"काय झालं? चुकलो का?"

"नाही बाबा. आलं घर."

"काय दिसतंय?"

मुलगा पडद्याजवळ सरकला. "पाणी उतरलंय. ओटा दिसतोय. दार... दार उघडं आहे, बाबा. दोघं आत चाललेत."

"मंग?"

"मग काही नाही. नावं सुरू झाली."

"वाच."

मुलगा वाचायला लागला. परदेशी नावं, पण जर्मनीत राहिल्यामुळं त्याची जीभ अडखळत नव्हती. एकेक नाव तो सावकाश वाचत होता आणि काका मान हलवत होते. नावं फार नव्हतीच, मोजक्याच माणसांनी बनवलेला खेळ तो. वाचून झाली, पडदा काळा झाला. काका तसेच बसून होते, अंगठा बटणावरच.

मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "चहा झाला का?"

"कुठला चहा?" काकू आतून म्हणाल्या. "आताच तर ठेवला. उकळी बी नाय आली अजून."

मी काकांकडं बघत होते, त्यामुळं मला दिसलं की ते मनातल्या मनात काहीतरी जुळवतायत. त्या रविवारी काकूंनी चहा दोनदा गरम केला होता, हे त्यांना आठवत असणार. कंट्रोलर माणूस, वेळेचं ते कसं विसरणार? आणि उरलेला खेळ तर चहाला एक उकळी यायच्या आतच संपला होता.

"येवढंच राहिलं होतं?" ते म्हणाले.

मुलानं मान हलवली. मग बापाला दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "हो, बाबा. एवढंच."

काकांनी चाचपडत हात पुढं केला. तो मुलाच्या गुडघ्याला लागला, तिथंच राहिला.

"थांबवायला पायजे होती गाडी," ते म्हणाले.

काकू झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता केळ्यांची गोष्ट निघणार. ती निघाली नाही. काकू आत गेल्या आणि त्यांनी चहाखालचा गॅस बारीक केला.